बडोद्यात युनिव्हर्सिटीजवळ रूम शोधताय? आधी फॅकल्टी कुठली ते बघा

बडोद्यात ॲडमिशन झाली, छोटी नोकरी पण लागली, आता दोन्हीकडे पायी जाता येईल अशी रूम सांगा, असा मेसेज जून आला की कोणाचा ना कोणाचा येतोच, कधी धुळ्याहून कधी नाशिकहून, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, "युनिव्हर्सिटीजवळ बघा". पण एमएसयू, म्हणजे महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी, एका कुंपणात नाहीये. आर्ट्स, सायन्स, कॉमर्स हे स्टेशनच्या पूर्वेला सयाजीगंज-प्रतापगंजच्या पट्ट्यात, हंसा मेहता लायब्ररी पण तिकडेच. इंजिनिअरिंग म्हणजे कलाभवन, ते विश्वामित्री नदीच्या पलीकडे दांडियाबाजाराजवळ. परफॉर्मिंग आर्ट्स सुरसागरापाशी, मेडिकल कॉलेज एसएसजी हॉस्पिटलला लागून. त्यामुळे फॅकल्टीचं नाव सांगितल्याशिवाय "जवळ"ला काही अर्थच नाही.

आता ज्यात मी स्वतः अडकलो ते नीट सांगतो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. बडोद्याच्या मधून उत्तर-दक्षिण दोन रेघा जातात, एक रेल्वे लाईन आणि एक विश्वामित्री. रेल्वेच्या पश्चिमेला अलकापुरी, आर. सी. दत्त रोड, रेसकोर्स, अकोटा, म्हणजे बँका, सीएंची ऑफिसं, क्लिनिकं, पार्टटाईम नोकऱ्या बऱ्याच तिकडे. रेल्वे आणि नदीच्या मध्ये सयाजीगंज, प्रतापगंज, फतेगंज. नदी ओलांडली की रावपुरा, दांडियाबाजार, जुनं शहर. मॅपवर अलकापुरीतून कॉमर्स फॅकल्टी एवढीशी दिसते, बोटाने मोजावी इतकी, पण रेल्वे लाईन वाटेल तिथे ओलांडता येत नाही ना. जायचं कुठून, तर स्टेशनजवळच्या गरनाळ्यातून, म्हणजे रुळांखालून जाणाऱ्या रस्त्यातून, नाहीतर लांब वळसा घालून जेतलपूर ब्रिजवरून, नाहीतर वरच्या बाजूने पंड्या ब्रिजवरून. आणि गरनाळा पावसात भरतो. एक जोरदार सर आली की पाणी साचतं, रस्ता बंद होतो, आणि जी वाट रोजची म्हणून धरून चाललेलो असतो ती ऐन लेक्चरच्या वेळेला नाहीशी होते. मग रिक्षा बघा, आणि पावसात रिक्षावाला काय भाडं सांगेल ते तोच ठरवणार. मी रूम घेतली ती मे महिन्यात, कोरड्या रस्त्यावरून चालत जाऊन, आणि पहिला पाऊस आला तेव्हा कळलं की रोजचं चालणं आता जवळपास दुप्पट झालंय. सकाळी लेक्चर, नंतर ऑफिस, रात्री अभ्यास, अशा दिवसातून ती जादाची वाट कुठून काढायची? झोपेतूनच निघते, आणि परीक्षेच्या आधी ते फार लागतं.

म्हणून माझं ठाम मत, किलोमीटर मोजू नका, रेघा मोजा. रूम, फॅकल्टी आणि ऑफिस या तीन जागांमध्ये मिळून एकच रेघ आडवी यायला हवी, आणि ती सुद्धा दिवसातून एकदाच जाऊन-येऊन, ज्या वेळेला उशीर झाला तरी चालतो अशा वेळेला. सकाळची हजेरी लागते तिथे, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत फॅकल्टी, त्याच बाजूला झोपा. आर्ट्स-सायन्स-कॉमर्सवाल्यांनी, ऑफिस अलकापुरीत असेल तर, प्रतापगंज किंवा फतेगंज बघावं. कलाभवनवाल्यांनी दांडियाबाजार-रावपुरा सोडून उगाच कुठे जाऊ नये, तिथे मराठी घरं अजून आहेत, एखाद्या काकूंकडे जेवणाची सोय होते, खंडेराव मार्केट पण चालत जाण्याइतकं जवळ. ऑफिस अकोट्यात असेल तर रेघा दोन येतात खऱ्या, पण अकोटा-दांडियाबाजार पुलावरून सरळ जाता येतं, आणि पुलावर सोलर पॅनेलचं छप्पर आहे, एप्रिल-मेच्या उन्हात ते किती बरं वाटतं ते चालणाऱ्यालाच कळतं.

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिकडच्या औद्योगिक वसाहतीत, नोकरी असेल तर पायी जायचा विचार सोडा, तिथे कंपनीची बस कुठे थांबते ते विचारा आणि तो थांबा पायी अंतरावर ठेवा. एवढं पुरतं.

सिनियर्सना विचारून रूम घेऊ नका, निदान चालण्याच्या बाबतीत तरी. त्यांच्याकडे ॲक्टिवा असते, त्यांना सगळंच पाच मिनिटांवर वाटतं. "घरून ॲक्टिवा मागव, प्रश्न मिटला" हा सल्ला पण सगळ्यांना परवडत नाही, पेट्रोल आहे, सर्व्हिसिंग आहे, पार्किंगवरून सोसायटीत रोजची कटकट आहे. ब्रोकर तर "आ तो बाजूमां ज छे" म्हणणारच, त्याचं कामच ते. विचारायचं असेल तर इस्त्रीवाल्याला, दूधवाल्याला, मेसच्या काकूंना विचारा, ती माणसं रोज पायी फिरतात आणि पावसात कुठे पाणी भरतं ते त्यांना पाठ असतं.

घाबरू नका पण, खरंच. बडोदा चालायला चांगलं शहर आहे. कमाटीबागेतून सकाळी चालत गेलं की डोकं शांत होतं, सयाजीगंजात रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते, मुलींनाही तिथून एकटीने परतायला त्यातल्या त्यात बरं वाटतं असं माझ्या वर्गातल्या मैत्रिणी सांगायच्या, आणि महिन्याभरात पाय सरावतात.

एका बाबतीत मात्र अजिबात ढिलाई नको. नदीकाठच्या भागात तळमजला स्वस्तात मिळत असेल तर आधी शेजाऱ्यांना विचारा की 2019 ला आणि ऑगस्ट 2024 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं. घरमालकाला नाही, शेजाऱ्यांना. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पुरात त्या वस्तीत येतात, हे बाहेरच्यांना अतिशयोक्ती वाटते पण इथल्या कोणालाही विचारा. पुस्तकं, लॅपटॉप, मार्कशीटा सगळं खाली ठेवून गावी गेलात आणि मागे पूर आला तर सेमिस्टर हातचं जातं. पहिला मजला घ्या, भाडं थोडं जास्त द्या, दुसरीकडे काटकसर करा.

आणि टोकन द्यायच्या आधी दोन गोष्टी घरमालकाच्या तोंडून स्पष्ट वदवून घ्या, बॅचलर चालतात का आणि घरात अंडं-मटण चालतं का. कित्येक सोसायट्यांत दोन्हीला नाही असतं आणि ते सामान वर नेल्यावर कळतं. करार अकरा महिन्यांचा होतो, भाडेकरू म्हणून पोलीस स्टेशनात नोंद करायची असते, ती मालकाने केली का ते विचारून त्याची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. रूम मेमध्ये बघितली असेल तर पैसे देण्याआधी पहिल्या पावसाची वाट बघता आली तर बघा, नाहीच जमलं तर निदान गरनाळ्याजवळच्या चहावाल्याशी दहा मिनिटं बोला.