अभ्यासात मन लागत नसंल तर आधी मोबाईल खोलीबाहेर काढा

लातूरला अभ्यासिकेत तीन वर्षं काढलीत मी. माझ्या शेजारचा पोरगा मोबाईल सायलेंट करून, उलटा घालून वहीजवळच ठेवायचा, आणि दर दोन पानाला त्याचा हात आपोआप तिकडं जायचा, काहीच आलेलं नसायचं तरी. लई हुशार पोरगा, पण स्वतःलाच आळशी म्हणायचा, ते ऐकून वाईट वाटायचं.

2017 साली अमेरिकेत एड्रियन वॉर्ड आणि सोबतच्यांनी यावर प्रयोग केला, काहींचा मोबाईल टेबलावर, काहींचा खिशात नाहीतर बॅगेत, काहींचा दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांनी टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा चाचण्या चांगल्या सोडवल्या. नंतरच्या काही प्रयोगांत एवढा फरक दिसला नाही हे खरं, पण करून बघायला पैसे लागत नाहीत.

मोबाईल गेला तरी डोक्यातलं राहतंच. सकाळी अण्णांचा फोन, सोयाबीन आज विकायला घालू का थांबू, तुम्ही म्हणता बघून सांगतो, आणि बसता राज्यघटना घेऊन. डोळे कलम 32 वर अन् मन आडतीवर. संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये हेच मांडलं, की अर्धवट काम सोडून दुसरं धरलं की लक्षाचा थोडा भाग मागच्या कामातच अडकून राहतो.

मग काय करायचं, तर वहीचं शेवटचं पान अशा अडकलेल्या कामांसाठीच ठेवा. नुसतं 'सोयाबीन' लिहून भागत नाही बरं का, 'दुपारी 2 ला जेवायला बाहेर पडलो की भाव बघणे, लगेच अण्णांना फोन' असं लिहा. काम कधी, कुठं, कसं करायचं हे ठरलं की ते पूर्ण व्हायच्या आधीच मनात टोचायचं कमी होतं, हे मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या 2011 च्या प्रयोगांत दिसलंय, आणि माझा तर रोजचा अनुभव आहे.

पाऊण-एक तासानं उठा, माठातलं पाणी प्या, गॅलरीत दोन चकरा मारा. त्या पाच मिनिटांत रील्स नकोत, परत बसल्यावर तेच डोक्यात फिरायलंय. उठताना मार्जिनमध्ये पेन्सिलीनं एक ओळ टाका, 'आता कलम 33 पासून', म्हणजे आल्यावर सुरुवात शोधत बसावं लागत नाही.

आणि घरी कुणी आजारी असंल, मोबाईल लांब ठेवायला जीव धजत नसंल, तर रिंग चालू ठेवून काउंटरवरच्या काकांकडं द्या आणि घरी सांगून ठेवा, अर्जंट असंल तर लागोपाठ दोनदा लावा, काका आवाज देतील.