रजोनिवृत्तीनंतरचे कोलेस्टेरॉल आणि व्यायाम

पाळी थांबण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते आणि आहार तोच असूनही एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढू लागते; म्हणून आधी लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) करून घ्यावे व ३ महिन्यांनी पुन्हा तपासावे. आठवड्यातून ५ दिवस ३० मिनिटे अशा वेगाने चालावे की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. मंडईत रमतगमत मारलेली फेरी यात धरू नये. दोन दिवस स्नायूंसाठी ठेवावेत, उदाहरणार्थ हातांचा आधार न घेता खुर्चीवरून १० वेळा उठावे-बसावे. व्यायामाने ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील एक प्रकारची चरबी) बऱ्यापैकी उतरतात, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) थोडे वाढते, एलडीएल मात्र फारसे हलत नाही. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली, एलडीएल कमी करणारी स्टॅटिनची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. चालताना छातीत दडपण जाणवल्यास तेथेच थांबून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.