इंग्लंडच्या सपाट भागात सायकलचा रूट कसा आखायचा: बडोदेकरांसाठी

उन्हाळ्यात मुलाकडे नाहीतर मुलीकडे इंग्लंडला महिना-दोन महिने जाणारी मंडळी आपल्या बडोद्यात घरोघरी आहेत, आणि त्यातले जे रविवारी पहाटे आजव्याला किंवा सिंधरोटला सायकल काढतात त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, तिकडे आपल्यासारखा सपाट रस्ता कुठे मिळेल, चढ नको आणि ट्रक पण नको. मिळतो, आणि इतका सुंदर मिळतो की पूर्ण ट्रिपमध्ये तेवढंच केलं तरी चालेल. फक्त तिकडे रूट किलोमीटर बघून आखायचा नाही. आधी वारा बघायचा, मग पूल बघायचे, किलोमीटर सगळ्यात शेवटी.

सगळ्यात सपाट भाग म्हणजे केंब्रिजच्या उत्तरेचा फेन्स, केंब्रिजशायर, नॉरफोक आणि लिंकनशायर मिळून पसरलेला. पूर्वी ही सगळी दलदल होती. १७व्या शतकात वर्मायडन नावाच्या डच इंजिनियरच्या हाताखाली मोठमोठे सरळ कालवे खोदून पाणी समुद्राकडे काढलं आणि खालची काळी जमीन शेतीला मिळाली. पण ती पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची माती आहे, पाणी गेलं की सुकते, आकसते आणि बसत जाते. होम फेन नावाच्या जागी १८५१ मध्ये एक लोखंडी खांब जमिनीत पार वरच्या टोकापर्यंत गाडला होता, तो आज जवळजवळ ४ मीटर बाहेर आलाय, आणि तिथली जमीन समुद्रसपाटीच्या सुमारे पावणेतीन मीटर खाली आहे. सायकलवाल्याने हे लक्षात ठेवायचं कारण म्हणजे त्याच मातीवर तिथले रस्ते आहेत, त्यामुळे डांबर छान असलं तरी रस्ता लाटांसारखा वरखाली होतो आणि कडेला लांब चिरा पडतात. २३ मिमीचे बारीक टायर नकोत, २८ तरी हवेत, ३२ असले तर उत्तमच. सायकल भाड्याने घेणार असाल तर हे आधीच विचारून घ्या, साधी हायब्रिड मिळाली तरी मस्त चालते.

आता वारा. तिथे बहुतेक वेळा वारा नैऋत्येकडून येतो आणि फेन्समध्ये झाडं नाहीत, कुंपणं नाहीत, अडवायला काहीच नाही, समोरून वारा लागला तर सपाट रस्त्यावर घाट चढल्यासारखे पाय भरून येतात. म्हणून दोनच पद्धती. गोल फेरी मारायची असेल तर निघताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि दमल्यावर परत येताना तो पाठीशी घ्यायचा. नाहीतर मला जास्त आवडते ती पद्धत, एकाच दिशेने जायचं आणि परत ट्रेनने यायचं. केंब्रिज, ईली, डाउनहॅम मार्केट, किंग्स लिन ही स्टेशनं एकाच लाइनवर साधारण उत्तरेकडे जातात, म्हणजे नैऋत्येचा वारा असेल त्या दिवशी केंब्रिजहून निघालात की वारा बराच वेळ मागून ढकलतो आणि जिथे पुरे वाटेल तिथे स्टेशन गाठायचं. ट्रेनमध्ये सायकल नेता येते पण ऑफिसच्या गर्दीच्या वेळी लंडनच्या बाजूला मोठी सायकल घेत नाहीत, फोल्डिंग चालते, म्हणून शनिवार-रविवार बरा. लंडनहून किंग्स क्रॉसला बसलात तर ईली तासाभरापेक्षा थोडं जास्त.

पूल मी आधी का म्हटलं ते नकाशा उघडला की कळेल. जुनी आणि नवी बेडफर्ड नदी असे दोन सरळ कालवे शेजारी शेजारी सुमारे ३२ किमी जातात, आणि एवढ्या लांबीत ओलांडायच्या जागा बोटावर मोजण्याइतक्या आहेत. समोरचं गाव दिसतंय, एक किलोमीटरवर आहे, पण पूल मात्र दहा किलोमीटर दूर असं सहज होतं. म्हणून पेन घेऊन पहिले पुलांवर खुणा करा, मग त्यांना जोडणारे रस्ते शोधा.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा घ्या, लँडरेंजर सिरीज, १:५०,०००. त्यात तपकिरी कंटूर म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा दर १० मीटर उंचीला असतात, जिथे रेषाच दिसत नाहीत तो भाग आपला. पिवळे रस्ते म्हणजे छोटे गावरस्ते, तेच धरायचे. ए नंबरचे रस्ते फेन्समध्ये सरळसोट असतात आणि त्यावर बटाटे नि बीटचे मोठे ट्रक जोरात जातात, ते फक्त ओलांडायला. मोटरवेवर सायकलला बंदीच आहे. मोबाइलचं ॲप वापरा पण डोळे झाकून नको, ते कधी कधी ड्रोव्ह म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेवर घालतं आणि पावसानंतर ती काळी माती चाकाला अशी चिकटते की चाक फिरत नाही. पब्लिक फुटपाथ लिहिलेल्या पायवाटेवर सायकल चालवायची नाही, ब्रिडलवेवर म्हणजे घोड्यांच्या वाटेवर चालते, तिथे चालणाऱ्यांना आणि घोड्यांना पहिली वाट द्यायची. घोडा दिसला की हळू व्हा, लांबूनच तोंडाने हॅलो म्हणा आणि बरीच जागा सोडून पुढे जा.

पहिल्यांदा जात असाल तर केंब्रिज ते ईली हाच रूट करा. नॅशनल सायकल नेटवर्क म्हणजे तिथल्या देशभरच्या सायकलमार्गांचा ११ नंबर, निळ्या पाटीवर लाल चौकटीत नंबर दिसतो. बॉटिशॅमच्या बाजूने लोड्स वे धरून विकेन फेनला या, ही जागा १८९९ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि जुनी दलदल कशी होती ते इथे अजून बघायला मिळतं. तिथून पुढे ईलीचं कॅथेड्रल दिसायला लागतं. आपल्याकडे पावागढ कसा तासभर समोर दिसत राहतो आणि जवळच येत नाही, अगदी तस्संच. पोचल्यावर आत नक्की जा, १३२२ मध्ये मधला मनोरा कोसळल्यावर त्या जागी जो अष्टकोनी घुमट उभा केला तो मान वर करून बघत बसावा असा आहे.

गाड्यांचा अजिबात त्रास नको असेल तर लिंकनशायरमधला लिंकन ते बोस्टन हा वॉटर रेल वे नावाचा सायकलमार्ग, विदम नदीच्या काठाने बराचसा जुन्या रेल्वेच्या जागेवरून जातो, साधारण ५३ किमी, परत येताना स्लीफर्डला गाडी बदलावी लागते. सोबत लहान मुलं असतील तर केंब्रिज ते सेंट आयव्ह्ज बसवेच्या (फक्त बससाठीच्या रस्त्याच्या) शेजारचा ट्रॅक, नाहीतर यॉर्क ते सेल्बी, जिथे जुन्या रेल्वेलाइनवर सूर्यमालेचं मॉडेल मांडलंय आणि मुलं पुढचा ग्रह शोधत न कुरकुरता पेडल मारतात.

रस्त्यावर डावीकडूनच चालायचं, त्यामुळे आपल्याला वेगळं काही शिकायचं नाही. पण पांढऱ्या गोल पाटीवर काळी तिरकी रेघ दिसली की तिथे गाडीला ताशी ६० मैल म्हणजे सुमारे ९६ किमीची परवानगी असते, मग रस्ता एका गाडीइतका अरुंद का असेना. शांत रस्ता म्हणजे हळू रस्ता नाही. कडेला खोल पाण्याचे चर असतात म्हणून अगदी काठाला चिकटून चालवू नका, ओव्हरटेक करणाऱ्याने दीड मीटर अंतर ठेवावं असं हायवे कोड या तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तकातच लिहिलंय. हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाही, तरी घाला. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल लाइट सक्तीचा आहे. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो.

खाण्याचं नीट बघा. आपल्याकडे सेवउसळ आणि चहा कोपऱ्याकोपऱ्यावर, तिकडे पंधरा किलोमीटर एक दुकान दिसणार नाही, आणि गावातल्या पबचं किचन दुपारी बंद असू शकतं. दोन बाटल्या पाणी, थेपले, केळी आणि पंक्चरचं सामान जवळच ठेवा.

वढवाण्याला पक्षी बघायला जाणाऱ्यांनी हिवाळ्यात फेन्समधलं वेल्नी हे पक्ष्यांचं ठिकाण बघाच, आइसलँडहून हूपर स्वान नावाचे राजहंस तिथे येतात. मात्र त्या दिवसांत दोन बेडफर्ड नद्यांमधली जमीन पाण्याखाली जाते आणि वेल्नीचा रस्ता पण बुडतो, म्हणून निघायच्या आधी तो चालू आहे का ते बघा, बंद असेल तर त्या दिवशी नदीच्या एकाच बाजूचा रूट धरा.