तुळशीच्या लग्नाआधी मिक्सिंगच्या मशीनची तयारी

तुळशीचं लग्न लागलं की लग्नाचे व्हिडिओ एडिट करायच्या, म्हणजे मिक्सिंगच्या आमच्या धंद्यात दिवस-रात्र एक होते. एकाच मुहूर्ताला दोन-दोन पार्ट्या (गिऱ्हाइकं), संगणकात ओतायची राहिलेली कॅमेऱ्याची मेमरी कार्डं, वर "टीझर कधी मिळेल?" हा नवरदेवाचा तिसरा फोन. नेमकं तेव्हाच सॉफ्टवेअर बंद पडतं. खालची तयारी त्याच्या आधीची आहे. दिवाळीच्या सुट्टीत मशीन मोकळं असतं, तेव्हा दोन दिवस काढून उरकायची.

सगळ्यात आधी एक वही लागते, साधी दोनशे पानी. क्रॅश झाला की तिच्यात चार गोष्टी लिहायच्या: किती वाजले होते, टाइमलाइनवर (क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर) काटा कुठे होता, आपण काय करत होतो आणि पडण्याआधी पंख्याचा आवाज वाढला होता का. आठ-दहा नोंदी झाल्या की एका प्रश्नाचं उत्तर मिळतं: पडतं ते एकाच जागी, की कुठेही? एकाच जागी पडत असेल तर खोट त्या जागेवरच्या क्लिपमध्ये, फोटोत, फॉन्टमध्ये किंवा इफेक्टमध्ये. कुठेही, कधीही पडत असेल तर ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), रॅम, उष्णता नाहीतर वीज. हा प्रश्न न विचारताच लोक विंडोज फॉरमॅट मारतात, एक अख्खा दिवस घालवतात आणि संध्याकाळी त्याच क्लिपवर पुन्हा आपटतात.

वहीच्या जोडीला विंडोजची स्वतःची डायरी बघायची सवय लावा. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' शोधलं की कोणत्या तारखेला काय बंद पडलं त्याचा तक्ता येतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ क्रमांकाची 'कर्नल-पॉवर' नोंद असेल तर मशीन रीतसर बंद झालेलं नाही. वीज गेली असेल किंवा मशीन जागीच अडकलं असेल. ४१०१ असेल तर ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरने उत्तर द्यायचं थांबवलं होतं. विंडोज त्याची साधारण २ सेकंद वाट बघतं आणि ड्रायव्हर परत चालू करतं. तेवढ्यात आपलं सॉफ्टवेअर गेलेलं असतं, आणि शिव्या सॉफ्टवेअरला पडतात.

आता एकाच जागी पडण्याचं उदाहरण. गेल्या मोसमात एका साखरपुड्याच्या हायलाइटचं एक्स्पोर्ट (तयार व्हिडिओची फाइल काढणं) रोज ६० टक्क्यांच्या आसपास मरायचं. आधी ड्रायव्हर बदलला, मग कॅश (सॉफ्टवेअरने साठवलेल्या तात्पुरत्या फाइल) उडवली, मग चिडून झोपलो. सकाळी टाइमलाइनची कॉपी केली आणि तिचे दोन तुकडे केले. पहिला अर्धा एक्स्पोर्ट झाला, दुसरा मेला. दुसऱ्याचे पुन्हा दोन तुकडे, पुन्हा तेच. पाचव्या वेळी ४० सेकंदांचा तुकडा हातात उरला आणि त्यात सापडल्या अल्बमच्या शीट! फोटोग्राफरने दिलेल्या बारा बाय छत्तीस इंचांच्या सात शीट मी जशाच्या तशा टाकल्या होत्या, झूम आणि ब्लर लावून, एकावर एक सरकवत. ३०० डीपीआयला अशी शीट १०८०० गुणिले ३६०० पिक्सेलची होते, म्हणजे जवळपास ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. सॉफ्टवेअर ३२ बिटमध्ये हिशेब करत असेल तर एका पिक्सेलला १६ बाइट लागतात, म्हणजे एका शीटला ६०० एमबीच्या वर. माझं ग्राफिक्स कार्ड ४ जीबी मेमरीचं. सातही शीट एकाच वेळी पडद्यावर, वर ब्लर, कार्ड तरी काय करणार? शीट ३८४० रुंदीला आणून जेपीजी सेव्ह केल्या, एक्स्पोर्ट चहा होईपर्यंत संपलं.

तेव्हापासून दोन गोष्टी पक्क्या केल्या आहेत. फोटो टाइमलाइनवर येण्याआधी एका फोल्डरमध्ये लहान करून ठेवायचे, आणि छपाईसाठी केलेले सीएमवायके रंगांतले फोटो पडद्याच्या आरजीबी रंगांत आणायचे. मोसमाआधी फोटोशॉपमध्ये दोन्हीची मिळून एक ॲक्शन (एका क्लिकवर चालणाऱ्या पायऱ्या) बनवून ठेवली की दर वेळी डोकं लावावं लागत नाही.

पाहुण्यांच्या मोबाइलमधून येणाऱ्या क्लिप ही दुसरी डोकेदुखी. फोन व्हेरिएबल फ्रेमरेटने शूट करतो, म्हणजे सेकंदाला कधी ३० फ्रेम, कधी २७. त्यामुळे वरातीत ताशाची काठी आधी पडते आणि आवाज मागून येतो. काही वेळा सॉफ्टवेअर त्या क्लिपवर अडतंसुद्धा. हँडब्रेक हे व्हिडिओ रूपांतराचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते आताच टाकून घ्या आणि कॉन्स्टंट (एकसारख्या) फ्रेमरेटचा एक प्रीसेट करून ठेवा. पार्टीला सांगायचं वाक्यही ठरवून ठेवा: व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कॅमेऱ्याचं फुटेज कोणत्या जातीचं आहे हेही आधीच बघायला हवं. हल्लीचे बरेच मिररलेस कॅमेरे एच.२६५, १० बिट, ४:२:२ फुटेज देतात, म्हणजे घट्ट दाबलेलं, पण रंगांची जास्त माहिती असलेलं. रंगकामाला सुंदर, पण मशीनला जड. हे फुटेज हार्डवेअरमध्ये उलगडायचं काम इंटेलचा अंगचा (प्रोसेसरमध्येच बसवलेला) ग्राफिक्स ११व्या पिढीपासून करतो. एनव्हिडियाच्या कार्डांत ते आरटीएक्स ५० मालिकेपासूनच आलं, म्हणजे २०२५मध्ये. त्यातली गंमत अशी, की असेंबल मशीन घेताना थोडे पैसे वाचवायला आपण नावाच्या शेवटी एफ अक्षर असलेला प्रोसेसर घेतो आणि त्यात हा अंगचा ग्राफिक्सच नसतो. मग आरटीएक्स ४० मालिकेचं महागडं कार्ड असूनही टाइमलाइन दम टाकते. असं मशीन असेल तर प्रॉक्सीशिवाय (फुटेजच्या हलक्या प्रतींशिवाय) कामाला बसू नका. रात्री कार्डं ओतली की प्रॉक्सी लावून झोपायचं. हार्डवेअर डिकोडिंगवर संशय असेल तर सेटिंगमध्ये ते तात्पुरतं बंद करून तोच तुकडा चालवून बघा. काम हळू चालेल, पण पडलं नाही तर चोर सापडला.

फॉन्टचं थोडक्यात. लग्नपत्रिकेवाल्याकडून पेनड्राइव्हमध्ये आणलेले हजारभर फॉन्ट एकदम टाकायचे नाहीत. त्यातला एखादा खराब निघाला की टायटलवर क्लिक केल्याबरोबर सॉफ्टवेअर गायब. लागतात ते पंधरा-वीस ठेवा. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये 'श्री' किंवा 'प्र' फुटत असेल तर प्रेफरन्समध्ये ग्राफिक्सच्या टेक्स्ट इंजिनला साउथ एशियन करून घ्या.

आणि क्रॅक, म्हणजे पैसे न भरता फोडून वापरलेलं सॉफ्टवेअर. सगळ्यांना माहीत आहे, सगळे गप्प बसतात. क्रॅक केलेला प्लगइन (सॉफ्टवेअरला वरून जोडायची भर) कोणत्या आवृत्तीसाठी फोडला होता, आत काय घुसवलं आहे, कुणालाच ठाऊक नसतं. मोसमाआधी असले प्लगइन काढा आणि लागतात त्यांचेच पैसे भरा. डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती बऱ्याच कामांना पुरते, निदान त्या बाबतीत झोप तरी शांत लागते.

यानंतर कुठेही पडणाऱ्या मशीनकडे. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर गेमिंगवाला ड्रायव्हर काढून स्टुडिओ ड्रायव्हर टाका, आणि टाकताना क्लीन इन्स्टॉलवर खूण करा. चालणाऱ्या ड्रायव्हरची फाइल दुसऱ्या डिस्कवर जपून ठेवा. नवा बिघडला तर भर मोसमात जुना शोधत बसावं लागत नाही. सी ड्राइव्हवर निदान पाचवा हिस्सा मोकळा ठेवा. मीडिया कॅश तिथून हलवून वेगळ्या एसएसडीवर न्या आणि गेल्या वर्षीची पूर्ण उडवा. प्रीमिअर चालू होताना ऑल्ट दाबून धरलं की प्रेफरन्स नव्याने बसवायचा पर्याय येतो. अर्धी भुतं तिथेच उतरतात.

रॅमला एक रात्र द्या. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा. सकाळी एक जरी चूक लाल दिसली तरी आधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सोय, बंद करून परत तपासा, मग एकेक स्टिक काढून. इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट झालाय का ते आजच बघा. त्यातल्या काही प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन चिप खराब होत असल्याचं इंटेलने २०२४मध्ये मान्य केलं आणि ऑगस्ट २०२४पासून त्यावर मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिला. झालेली खराबी त्याने भरून येत नाही. म्हणून वॉरंटी २ वर्षांनी वाढवली आहे, ती वापरा.

धूळ ब्लोअरने उडवायची, पण पंख्याच्या पात्याला बोट लावून, नाहीतर तो गरागरा फिरून बेअरिंग जातं. हे काम मोसमात दोनदा. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि तिथेही लग्नं लागतातच.

विजेत एक बारीक गोम आहे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा भार पेलतो. एक्स्पोर्ट चालू असताना कार्ड आणि प्रोसेसर मिळून त्याच्या वर सहज जातात. म्हणजे नुसतं बसलेलं मशीन यूपीएसवर टिकतं, पण कामात असलेलं वीज जाताच आडवं होतं. तपासायचं असेल तर एक्स्पोर्ट लावा आणि भिंतीवरचं बटन बंद करा. इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याच्या मागचं बटन यूपीएस मोडवर आहे का बघा, साध्या मोडला तो बॅटरीवर वेळेत पलटत नाही.

एवढं करूनही कधीतरी पडणारच, म्हणून ऑटोसेव्ह ५ मिनिटांवर ठेवा आणि त्याच्या प्रती दुसऱ्या डिस्कवर जाऊ द्या. रिझॉल्व्हवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. त्याचा प्रोजेक्ट फुटेजच्या फोल्डरमध्ये नसतोच, तो डेटाबेसमध्ये असतो. फुटेज जपलं आणि सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला की काम गेलं. रोज काम संपवून उठताना प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करून पार्टीच्या फोल्डरमध्ये टाका.

शेवटी एक चाचणीचा प्रोजेक्ट बनवा, तीन मिनिटांचा. त्यात तुमच्या कॅमेऱ्याची क्लिप, ड्रोनची क्लिप, मोबाइलची क्लिप, चार फोटो, मराठी टायटल, एक जड इफेक्ट आणि रंगकाम. तो एक्स्पोर्ट व्हायला किती वेळ लागला ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ड्रायव्हर बदलला, बायोस बदलला, प्लगइन टाकला, की एका वेळी एकच बदल करून हा प्रोजेक्ट सलग तीनदा काढायचा. तिन्ही वेळा निघाला तर पुढचा बदल. आणि तुळशीच्या आदल्या रात्री विंडोज अपडेट पाच आठवड्यांसाठी पॉज करून टाका.