बँडगॅपची आकृती उतरवताय? या चुका टाळा

नवख्या डिझायनरचं बँडगॅप रेफरन्स, म्हणजे चिपला तापमानाने न हलणारं व्होल्टेज देणारं सर्किट, तपासायला आलं की मी आधी आकृतीच्या कोपऱ्यात बघतो. मधला भाग बहुतेक वेळा बरोबरच असतो, कारण तो शंभर ठिकाणी छापलेला आहे. बॉब विडलर यांनी १९७१ साली मांडलेली रचना आहेच तशी देखणी. ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतं. वेगवेगळ्या करंट-घनतेवर (दर क्षेत्रफळाला वाहणाऱ्या करंटवर) चालणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरच्या व्होल्टेजमधला फरक मात्र तापमानाबरोबर चढतो. दोन्हींची योग्य प्रमाणात बेरीज केली की तापमान बदललं तरी जवळजवळ न हलणारे १.२ व्होल्ट मिळतात. पॉल ब्रोकॉ यांची १९७४ची रचनाही याच पायावर उभी आहे.

कोपऱ्यातले ते दोन-तीन ट्रान्झिस्टर म्हणजे सुरू व्हायला पहिला धक्का देणारं स्टार्टअप सर्किट, आणि लोक नेमके तेच गाळतात. बँडगॅप सर्किट स्वतःच्याच करंटवर चालतं. करंट आहे म्हणून व्होल्टेज आहे, आणि व्होल्टेज आहे म्हणून करंट आहे. मग करंट शून्य असला तरी सगळी समीकरणं सुटतातच! सर्किट त्या शून्यावर खुशाल बसून राहू शकतं. सिम्युलेटर हे दाखवेलच असं नाही. उत्तर सापडावं म्हणून तो प्रत्येक जंक्शनला एक अतिसूक्ष्म कंडक्टन्स (करंटला वाट) जोडतो, आणि तेवढ्या आधारावर सर्किट सिम्युलेशनमध्ये उठतं. सिलिकॉनमध्ये तो आधार नसतो.

माझ्या सुरुवातीच्या काळातली एक चिप आठवते. टेबलावर सगळे नमुने चालले. बोर्डावर बसवून उणे ४० अंशांना ठेवले तर काही उठेचनात. बायस लाइनच्या (आतले करंट ठरवणाऱ्या तारेच्या) टेस्ट पॅडला मल्टीमीटरचं टोक लावलं की क्षणात १.२ व्होल्ट हजर. म्हणजे मोजायला गेलं की दोष गायब! तीन आठवडे आम्ही सोल्डरिंग, सॉकेट, पॉवर सप्लाय असं सगळं बदलून पाहिलं. शेवटी कळलं की मीटरच्या १० मेगाओहममधून पीमॉसच्या (गेट खाली ओढलं की चालू होणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) गेटची ही लाइन जराशी खाली ओढली जात होती, आणि सर्किटला तेवढा धक्का पुरत होता.

स्टार्टअप सर्किट होतं, पण जागा वाचवायला ते कपॅसिटरवर बेतलेलं होतं. सप्लाय झपकन चढला तरच ते धक्का द्यायचं. टेबलावर सप्लाय बटणासरशी चढत होता. बोर्डावर मोठे कपॅसिटर असल्याने तो सावकाश चढायचा. खोलीच्या तापमानाला लीकेज (झिरपणाऱ्या) करंटने निभावून नेलं, थंडीत तोही आटला. मेटल मास्क, म्हणजे चिपवरच्या तारांचा साचा, बदलावा लागला. तेव्हापासून मी कपॅसिटरवरचं स्टार्टअप मान्य करत नाही, कितीही जागा वाचत असली तरी. स्टार्टअपने बायसची पातळी बघावी, ती नसेल तर गेट खाली ओढावं, आणि रेफरन्स उठला की पूर्ण बंद व्हावं.

आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बँडगॅपसाठी मी आधी हे आलेख मागतो: उणे ४० अंशांना, सगळ्या कॉर्नरवर (चिप बनवताना होणाऱ्या फरकांच्या टोकांवर), सप्लाय १ मायक्रोसेकंदात चढवून, मग १०० मिलिसेकंदांत चढवून, आणि मध्येच अर्ध्यावर पाडून परत वर आणून. सुरुवात सगळे नोड (सर्किटातले जोडबिंदू) शून्यावर ठेवून. १२५ अंशांना बंद झालेल्या स्टार्टअपमधून किती करंट झिरपतो तेही बघतो, कारण तो तापमानाचा आलेख वाकवतो. ‘डीसी (स्थिर अवस्थेचं) सिम्युलेशन जुळलं’ एवढंच सांगणाऱ्याची फाइल मी उघडत नाही. ही सगळी सिम्युलेशनं एका रात्रीत होतात, मास्क बदलायला महिने जातात.

दुसरी चूक लेआउटमधली, म्हणजे चिपवरच्या प्रत्यक्ष मांडणीतली. चिपवरच्या रेझिस्टरची नेमकी किंमत २० टक्क्यांनीही इकडेतिकडे होते, पण शेजारी काढलेले दोन एकसारखे रेझिस्टर मात्र जवळजवळ तंतोतंत जुळतात. रॉबर्ट नॉइस यांच्या १९५९च्या कल्पनेतून सगळे घटक एकाच सिलिकॉनवर, एकाच वेळी घडू लागले, त्याचं हे फळ. विडलर यांचं सगळं काम या जुळणीवर उभं आहे. असं असताना बँडगॅपच्या दोन ट्रान्झिस्टरमधल्या १:८ प्रमाणासाठी लोक एकच आठपट मोठा एमिटर काढतात! कडा आठपट होत नाहीत, प्रमाण बिघडतं. एकसारखे नऊ ट्रान्झिस्टर घ्या, तीन बाय तीन मांडा, मधला एक आणि भोवतीचे आठ, त्याबाहेर डमी (कामात नसलेले, फक्त कडा सारख्या ठेवणारे). १:८ने मिळणारा फरक खोलीच्या तापमानाला जेमतेम ५४ मिलिव्होल्ट असतो आणि तो सुमारे ११ पटीने वाढवावा लागतो, म्हणजे आत आलेली १ मिलिव्होल्टची चूकही बाहेर ११ होऊन दिसते.

बाकीच्या थोडक्यात.

गिल्बर्ट सेलला (दोन सिग्नलचा गुणाकार करणाऱ्या सर्किटाला) थेट २०० मिलिव्होल्टचा सिग्नल देऊन विकृती का येते असं विचारू नका. बॅरी गिल्बर्ट यांच्या १९६८च्या गुणाकार सर्किटात इनपुट आधी डायोडमधून उलट वाकवून घेतलेला आहे. तो भागही उतरवा.

७४१ या ऑप-अँपमध्ये (अँप्लिफायर चिपमध्ये) डेव्ह फुलागर यांनी स्थिरतेसाठी ३० पिकोफॅरॅडचा कपॅसिटर चिपवरच घेतला, म्हणून तुमच्या ऑप-अँपलाही ३०च लागेल असं नाही. इनपुट जोडीचा ट्रान्सकंडक्टन्स (व्होल्टेज बदललं की करंट किती बदलतो ते) काढा, मग कपॅसिटर ठरवा, आणि स्थिरता खऱ्या लोडवर तपासा.

सीमॉस चिपमध्ये लॅच-अप (सप्लाय आतून शॉर्ट होऊन अडकून बसणं) टाळणाऱ्या गार्ड रिंग आणि वेल टॅप (संरक्षक कडी आणि जोडण्या) शेवटी घालू म्हणून सोडू नका. मी ते लेआउटच्या पहिल्या दिवशी मांडून घेतो; नंतर जागा उरत नाही.