रिस्टोअर न झालेली विंटेज गाडी : या चुका टाळा

वर्षानुवर्षं बंद असलेली, मूळ रंगातली गाडी हाती आली की दोन गोष्टींची घाई सुटते. तिला चकाचक करायचं आणि लगेच सेल्फ मारून बघायचा. बहुतेक नुकसान इथेच होतं. आमचा हिशेब साधा आहे: जे दिसतं त्याला शक्यतो हात लावू नका, आणि ब्रेक, टायर, पेट्रोलचे पाइप, वायरिंग यांच्या बाबतीत मात्र जुनेपणाचं कौतुक करत बसू नका.

आधी रंग. 1920 च्या दशकात ड्यूको या ब्रँडसारखे नायट्रोसेल्युलोज लॅकर (लवकर वाळणारे रंग) आले. अशा जुन्या रंगांवर आजच्यासारखा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक संरक्षक थर, नसतो. त्यामुळे पॉलिश करताना फडक्यावर जो रंग उतरतो, तो मळ नसून गाडीचाच रंग असतो. बॉनेटच्या कडा, मडगार्डचे उंचवटे, दरवाजांचे कोपरे इथे थर आधीच पातळ. मशीनचा बफर बघता बघता प्रायमरपर्यंत जातो. हाताने ओढलेल्या बारीक रेषा तर रंगाच्या वर असतात, त्या सगळ्यात आधी जातात. सौम्य, न्यूट्रल साबणाचं पाणी घ्या आणि डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला कापसाच्या बोळ्याने आधी चाचणी करा. रंगाला तडे असतील तर पाइपने पाणी मारूच नका. ते तड्यांतून आत जाऊन पत्रा गंजतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. सिलिकॉनचं पॉलिशही नको, पुढे टचअप करायची वेळ आली तर त्यावर रंग धरत नाही. रंगाची जाडी मोजणाऱ्या गेजवर एखाद्या पॅनेलचं रीडिंग शेजारच्याच्या दुप्पट आलं, तर तिथे नंतर रंग चढलाय किंवा लांबी (पुट्टी) भरली आहे असं समजा.

फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) खडूच्या खुणा, सर्व्हिसचे स्टिकर, चासीखालचा मूळ रंगाचा फवारा हाच गाडीचा इतिहास. प्रेशर वॉशरपुढे तो टिकत नाही. आधी फोटो, मग ब्रश.

इंजिन सुरू करण्याआधी सगळे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण 10 मिली पातळ ऑइल सोडा आणि 24 ते 48 तास थांबा. मग हँडलने किंवा क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका, बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चिकटलेली पिस्टन रिंग तुटते. थोडं मागे फिरवून पुन्हा ऑइल सोडा. फिरताना प्रत्येक व्हॉल्व्ह परत बसतोय का तेही बघा, कारण जाम व्हॉल्व्हवर सेल्फ मारला की पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वाकू शकतो. जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं, तेव्हा पहिल्यांदा टाकीऐवजी वेगळ्या कॅनमधून पेट्रोल द्या. ऑइल चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) न उतरवता थेट आधुनिक डिटर्जंट ऑइल भरणं ही महागडी चूक आहे: तळाशी साचलेला गाळ सुटून ऑइलचे मार्ग बुजवतो.

ब्रेकचं पेडल सोडल्यावरही चाक अडकतंय? ब्लीड निपल (चाकाजवळचा, ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) उघडा. चाक मोकळं झालं तर दाब लाइनमध्ये अडकला होता आणि पहिला संशय आतून फुगलेल्या रबरी होजवर घ्यायचा. निपल उघडूनही चाक फिरत नसेल तर व्हील सिलिंडर गंजलाय किंवा ब्रेक शू ड्रमला चिकटलाय. होज बाहेरून धडधाकट दिसली तरी बदलाच. ब्रेक फ्लुइड रंगावर सांडू देऊ नका, ग्लायकॉलचं फ्लुइड रंग खातं.

6 व्होल्टच्या गाडीत सेल्फ मंद फिरला की लोक 12 व्होल्टचं कन्व्हर्जन करायला निघतात. खरं कारण बऱ्याचदा 12 व्होल्टच्या मापाची पातळ केबल किंवा गंजलेलं अर्थिंग असतं. तेवढ्याच ताकदीला 6 व्होल्टवर करंट दुप्पट लागतो. बॅटरी जोडण्याआधी गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेली, आहे का ते तपासा. कापडी आवरणाची वायर वाकवताच तुटू लागली तर तिच्यात करंट सोडू नका.

गिअरबॉक्समध्ये सरसकट जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल नको, पितळी सिंक्रो रिंग (गिअर सहज पडू देणाऱ्या कड्या) खराब होऊ शकतात. पुढे रेडियल (आजच्या बांधणीचे) आणि मागे क्रॉसप्लाय (जुन्या बांधणीचे) टायर ही जोडी वळणावर मागची बाजू घसरवते. मूळ टायर जपायचे असतील तर ते प्रदर्शनापुरते, चालवायला दुसरा सेट.

काढलेला प्रत्येक सुटा भाग पिशवीत घालून त्यावर तारीख आणि जागा लिहा: ‘पुढचं डावं चाक, ब्रेक होज’.