टेराचा डॉट ब्लॉट: आधी डीएनए हुसकून लावा

‘ट्रिपॅनोसोमा ब्रुसीमधला टेरा मोजायचाय’ म्हणत कुणी माझ्या बेंचपाशी आलं की मी आधी विचारते, आरएनेज कंट्रोल (आरएनए कापणारं एन्झाइम लावलेला तुलनेचा नमुना) कुठंय? ‘तो नंतर लावू’ असं उत्तर आलं तर पुढचा ब्लॉट बघायची तसदी मी घेत नाही. ब्रुसी म्हणजे रक्तात राहणारा एकपेशीय परजीवी. डॉट ब्लॉट म्हणजे आरएनएचे थेंब मेम्ब्रेनवर, म्हणजे पातळ पडद्यावर, ठिपक्यांसारखे टाकून ते प्रोबनं, म्हणजे जुळणाऱ्या, खूण लावलेल्या डीएनए तुकड्यानं, शोधणं.

टेरा म्हणजे टेलोमिअरवरून, म्हणजे गुणसूत्राच्या टोकावरून, तयार होणारा, प्रथिन न बनवणारा आरएनए. यूयूएजीजीजी, यूयूएजीजीजी अशी एकच ओळ पुन्हा पुन्हा. गुणसूत्राच्या टोकावरचा डीएनएही तोच, फक्त यू च्या जागी टी. म्हणजे प्रोबला दोन्ही सारखेच. शिवाय ब्रुसीकडे टोकांची चंगळ आहे: मोठ्या गुणसूत्रांच्या 11 जोड्या आणि वर साधारण 100 मिनी-क्रोमोसोम. माणसाच्या साध्या पेशीत 92 टोकं, तर या एकपेशीय जीवात 200 च्या वर. ट्यूबमध्ये चिमूटभर डीएनए राहिला तरी मेम्ब्रेनवर झकास काळा ठिपका उमटतो आणि पोरं खूश होतात.

सुरुवात पेशींपासून. लिस्टर 427 या प्रयोगशाळेतल्या वाणाचे रक्तातले रूप एचएमआय-9 या पोषक द्रवात, 37 अंशांवर, 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवा. मिलिलिटरला 10 लाखांच्या आसपास पोचले की काढा. 20 लाखांच्या वर गेलेलं कल्चर टेरासाठी वापरू नका, त्या पेशी आजारी असतात. 100 मिली कल्चर पुरतं. धुताना बफरमध्ये ग्लुकोज हवंच. या रूपाची सगळी ऊर्जा ग्लुकोजवर चालते, साठा काही नसतो. साध्या पीबीएसमध्ये (ग्लुकोज नसलेल्या खाऱ्या बफरमध्ये) सोडलंत तर बघता बघता वळवळ थांबते आणि तुम्ही मरणाऱ्या पेशींचा आरएनए मोजत बसता.

(नवीन मुलं घाबरत विचारतात, हा रोग आपल्याला लागेल का? ब्रुसी ब्रुसी या जातीला माणसाच्या रक्तातलं एपीओएल-1 हे प्रथिन मारतं. हातमोजे मात्र घालाच. गुराघोड्यांना सर्रा देणारा तिचा जवळचा नातेवाईक, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सापडला होता. त्याच्यात एपीओएल-1 च नव्हतं असं नंतर कळलं.)

पेलेटवर, म्हणजे तळाशी बसलेल्या पेशींवर, 1 मिली ट्रायझॉल (आरएनए काढायचं द्रावण), मग 200 मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म, नेहमीसारखंच. फक्त वरचा पाण्याचा थर उचलताना हाव धरू नका. मधल्या पांढऱ्या पापुद्र्यात डीएनए बसलेला असतो. त्याच्यावर थोडा थर तसाच सोडून द्या.

आता डीएनेज, म्हणजे डीएनए कापणारं एन्झाइम, आणि तेही दोनदा. 37 अंशांवर अर्धा तास, मग आरएनए स्वच्छ करून, थोडा गरम करून पुन्हा अर्धा तास. एकदा का पुरत नाही? टेरा आपल्याच टेलोमिअरला चिकटून आर-लूप बनवतो, आणि आरएनएला बिलगलेला डीएनए डीएनेज-1 फार सावकाश कापतं. नेमका जो डीएनए तुम्हाला नको, तोच वाचतो.

एक चिमटी आरएनए जेलवर सोडून बघा. इथं हमखास कुणीतरी दचकतं, कारण दोनऐवजी तीन ठळक पट्टे दिसतात. आरएनए खराब झालेला नाही. या जीवांचा 28 एस राइबोसोमल आरएनए मुळातच दोन मोठ्या तुकड्यांत असतो. 18 एस धरून तीन. मशीन आरएनएच्या दर्जाचा जो आकडा देतं, तोही माणसा-उंदरांचा हिशोब धरून काढलेला, त्यावर जाऊ नका.

मेम्ब्रेनची आखणी ही खरी कामाची गोष्ट. प्रत्येक नमुन्याचे 2, 1 आणि अर्धा मायक्रोग्रॅम असे तीन ठिपके. खालच्या ओळीत तेच नमुने आरएनेज-ए लावून. आरएनेज-ए यू नंतर कापतं आणि टेराच्या प्रत्येक आवर्तनात यू दोन, त्यामुळे खरा टेरा असेल तर ही ओळ कोरी यायला हवी. कोरी नाही आली तर वरच्या ओळीतला काळेपणाही टेराचा नव्हे. शेवटच्या रकान्यात जीनोमिक डीएनए, प्रोब चालतोय हे कळायला. आरएनेजची बाटली, पिपेट आणि टिप्स वेगळ्या खोलीत ठेवा, आणि ते काम सगळ्यात शेवटी करा.

अशा दोन मेम्ब्रेन बनवा. नायलॉनवर सुकवून यूव्हीनं पक्कं केलं की एकीला सीसीसीटीएए चार वेळा असलेला प्रोब, दुसरीला टीटीएजीजीजी चार वेळा असलेला. मी डिगॉक्सिजेनिन ही खूण लावलेले वापरते, किरणोत्सर्गी फॉस्फरसची कटकट नको. 50 अंशांवर रात्रभर. टेरा पहिल्या प्रोबला धरतो, दुसऱ्याला नाही. डीएनएचे दोन्ही धागे असतात, म्हणून तो दोन्हींना धरतो. दुसऱ्या मेम्ब्रेनवर आरएनएच्या जागी ठिपके दिसले की डीएनेजकडे परत जा, एक्स्पोजर कमी-जास्त करून काही साधणार नाही.

नॉर्दर्न (आरएनए जेलवर लांबीनुसार वेगळा करून केलेला ब्लॉट) करणार असाल तर नीट पट्टा शोधू नका, टेरा लहानमोठ्या लांबीचा, म्हणून लांबलचक धूसर ओघळ दिसतो. आरटी-क्यूपीसीआर (आरएनएची डीएनए प्रत वाढवून मोजणं) पहिल्या झटक्यात नकोच. सहा अक्षरांच्या आवर्तनावरचे प्रायमर एकमेकांनाच चिकटतात.

आकडा हातात आल्यावर त्याचा अर्थ लावताना ब्रुसीची रीत लक्षात ठेवा. हा जीव व्हीएसजी नावाचा प्रथिनांचा कोट बदलत रक्तात लपतो. कोटाची जनुकं टेलोमिअरला खेटून असलेल्या सुमारे 15 जागांवरून वाचली जातात, आणि एका वेळी एकच जागा चालू. तिथं आरएनए पॉलिमरेज-1 काम करतं आणि टेलोमिअरच्या दिशेनं धावतं. टेरा मुख्यत्वे त्याच टोकावरून येतो. म्हणून टीबीआरएपी-1 सारखं टेलोमिअरचं प्रथिन कमी केल्यावर टेरा वाढला, तर आर-लूप आणि कोटबदलही मोजा. नुसत्या ठिपक्यावरून कहाणी रचू नका. तसा टेलोमिअरवरून आरएनए बनतो हे या जीवांत 1989 मध्येच दिसलं होतं; माणसाच्या पेशींतला टेरा गाजला तो 2007 मध्ये.

शेवटी 18 एस चा प्रोब, लोडिंग, म्हणजे प्रत्येक ठिपक्यात आरएनए ठरल्याप्रमाणे पडलाय का, ते तपासायला. तो नेहमी टेरानंतरच लावा. त्याचा सिग्नल इतका दणदणीत असतो की मेम्ब्रेन कितीही उकळून धुतली तरी पुरता जात नाही, आणि आधी लावलात तर टेराचा फिका ठिपका त्याच्याखाली गडप होतो.